प्रोटिअसला धरून ठेवायचं असतं

इंग्रजीत 'प्रोटिअन' हे विशेषण हल्ली कौतुकाचं झालं आहे. आज राजा आणि उद्या भिकारी तितक्याच सहजपणे उभा करणारा नट प्रोटिअन. पिकासोवर लिहिताना तर हा शब्द हमखास येतो, कारण त्याची शैली दर काही वर्षांनी कूस बदलत होती. डग्लस हॉल या अमेरिकन प्राध्यापकांनी 1976 मध्ये 'प्रोटिअन करिअर' ही कल्पना मांडली: माणसाच्या कामाची दिशा कंपनीने ठरवायची नाही, ज्याची त्याने ठरवायची आणि गरज पडेल तशी बदलायची. हॉल यांच्या मांडणीत माणसाची स्वतःची मूल्यं मध्यभागी होती. नोकरीच्या बाजारात येईपर्यंत त्यातली मूल्यं गळली आणि बदलणं तेवढं राहिलं. माझ्या भाच्याच्या पुण्यातल्या कंपनीत एका व्याख्यात्याने तरुण मुलांना 'प्रोटिअन व्हा' असं बजावल्याचं त्याने मला सांगितलं, आणि मी अस्वस्थ झाले. ग्रीक पुराणातल्या ज्या म्हाताऱ्यावरून, प्रोटिअसवरून, हा शब्द पडला त्याची गोष्ट त्या मुलांना कोणी सांगितली असेल का, हा विचार मनातून जाईना.

माझी आणि या शब्दाची ओळख मिरजेतल्या एका लॅबमध्ये झाली, आणि तीही वासावरून. सकाळी इनक्युबेटर उघडला की कधी कधी करपलेल्या चॉकलेटसारखा, थोडा माशाकडे झुकणारा वास यायचा. प्लेट बाहेर काढण्याआधीच मॅडम म्हणायच्या, "प्रोटिअस आलाय." ब्लड अगरची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित थराची प्लेट बघितली की खात्री पटायची. इतर जिवाणू आपापल्या जागी ठिपके करून बसतात, त्याला आम्ही कॉलनी म्हणतो. प्रोटिअस बसत नाही. रात्रभरात तो पूर्ण प्लेटवर पसरतो, तेही पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखा, एकात एक वर्तुळं करत. त्याच प्लेटवर दुसरा कुठला जिवाणू असेल तर तो त्याच्याखाली झाकला जातो, आणि रिपोर्ट द्यायचा कसा हा प्रश्न पडतो.

हे पसरणं कसं होतं ते नंतर शिकले तेव्हा मी थक्क झाले होते. एरवी हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीची काडी. घट्ट पृष्ठभाग लागला की तो विभागणं थांबवतो आणि लांबतच जातो, वीस-वीस, चाळीस-चाळीस पट. अंगभर हजारो कशाभिका, म्हणजे हालचालीसाठीचे बारीक धागे, फुटतात. अशा लांब झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून थवा करून पुढे सरकतात, थोडं अंतर गेल्यावर थांबतात, पुन्हा आखूड होतात, वाढतात, पुन्हा लांब होऊन निघतात. प्रत्येक मुक्कामाचं एक वलय उमटतं. गुस्टाव्ह हाउझर या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये कुजलेल्या मांसात हा जीव पाहिला आणि त्याला ग्रीक देवाचं नाव दिलं.

आणि याला आवरायचं कसं? त्याच्याही युक्त्या आहेत. मॅकॉन्की अगर या दुसऱ्या माध्यमात पित्तक्षार असतात, त्यावर प्रोटिअसला पसरता येत नाही. तो मुकाट्याने ठिपक्यांत वाढतो. साध्या माध्यमातही अगरचं प्रमाण भरपूर वाढवलं तर तो जागीच खिळतो. मग त्याला वेगळा करता येतो, ओळखता येतो, कुठल्या प्रतिजैविकाला तो दाद देतो हे तपासता येतं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या लघवीत प्रोटिअस सापडला तर डॉक्टरांना तातडीने कळवावं लागतं, कारण तो युरियाचं विघटन करून लघवी अल्कधर्मी करतो, त्यातून मूतखडे होतात आणि नळी तुंबते. थोडक्यात, याला धरल्याशिवाय उत्तर मिळत नाही. होमर वाचला तेव्हा कळलं की हाउझरने दिलेलं नाव मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी नेमकं आहे.

होमरच्या 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात ही गोष्ट आहे. ट्रॉयचं युद्ध संपून वर्षं उलटली आहेत. स्पार्टाचा राजा मेनेलाउस आपल्या वाड्यात बसून टेलेमाकस या तरुण पाहुण्याला सांगतो आहे. हा पाहुणा ओडिसिअसचा मुलगा, बापाचा शोध घेत आलेला. मेनेलाउस म्हणतो, परत येताना मी इजिप्तसमोरच्या फारोस बेटावर अडकलो. वीस दिवस वारा नाही. शिधा संपत आला, माणसं भुकेपोटी वाकडे गळ टाकून मासे धरत बेटभर हिंडत होती. (याच फारोसवर पुढे अलेक्झांड्रियाचं प्रसिद्ध दीपगृह उभं राहिलं, आणि फ्रेंचमध्ये दीपगृहाला आजही 'फार' म्हणतात.) तेव्हा समुद्रातल्या म्हाताऱ्याची मुलगी आयडोथिआ त्याला भेटली. तिला त्याची दया आली. ती म्हणाली, माझे वडील प्रोटिअस समुद्राचा तळन् तळ जाणतात. कोणता देव तुझी वाट अडवून बसला आहे, घरी कसं जायचं, तू इथे भटकत असताना तुझ्या घरात बरंवाईट काय घडलं, सगळं ते सांगू शकतात. फक्त त्यांना पकडावं लागेल.

पुढचा भाग होमरने इतका तपशिलात रंगवला आहे की वाचताना नाकाशी हात जातो. आयडोथिआ समुद्रात बुडी मारून नुकतीच सोललेली सीलची चार कातडी आणते, वाळूत खड्डे खणते, मेनेलाउसला आणि त्याच्या तीन निवडक साथीदारांना त्यात झोपवते आणि वरून कातडी पांघरते. त्या कातड्यांचा वास असह्य. समुद्रातल्या जनावराशेजारी कोण झोपेल, असं मेनेलाउस इतक्या वर्षांनंतरही कळवळून विचारतो. शेवटी आयडोथिआच प्रत्येकाच्या नाकाखाली थोडं अँब्रोसिया, देवांचं सुगंधी अन्न, लावते, तेव्हा कुठे त्यांना तिथे पडून राहता येतं. मग सकाळभर ते वाट पाहतात. सील पाण्याबाहेर येऊन वाळूवर ओळीने पहुडतात. भर दुपारी म्हातारा वर येतो, गुराख्याने गुरं मोजावीत तसे सील मोजतो, या चौघांनाही त्यातच धरतो, आणि त्यांच्यामध्ये आडवा होतो.

ते ओरडत झडप घालतात. म्हातारा आपली विद्या विसरत नाही. आधी आयाळ असलेला सिंह होतो. मग साप, मग बिबट्या, मग थोराड रानडुक्कर. मग वाहतं पाणी. मग उंच पानांनी डवरलेलं झाड. होमर पुढे एवढंच सांगतो की त्यांनी मन घट्ट करून त्याला धरून ठेवलं.

या ओळीपाशी मी नेहमी थांबते. सिंहाला धरून ठेवणं समजतं, त्याला धैर्य पुरतं. पण वाहत्या पाण्याला मिठी मारून कसं धरायचं? बोटांतून सगळं निसटतंय असं डोळ्यांना दिसत असताना, आपण धरलेलं अजून हातातच आहे यावर भरवसा ठेवायचा. आणि झाडाचं तर त्याहून अवघड. झाड ना चावत, ना पळत. कवेत एक स्वस्थ, सुंदर वृक्ष आहे, माणसाला वाटणारच की झालं, संपलं, आता हात सोडायला हरकत नाही. म्हाताऱ्याने हे रूप शेवटी ठेवलं यात मला त्याची फार मोठी समज दिसते.

शेवटी तोच दमतो. आपल्या मूळ रूपात येतो आणि विचारतो, अरे, कोणत्या देवाने तुला हे शिकवलं? तुला काय हवंय? मेनेलाउस त्याला सरळ म्हणतो, म्हातारबा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, मग विचारून मला का झुलवता? त्यानंतर मात्र प्रोटिअस बोलतो आणि एक शब्दही खोटा सांगत नाही. होमरने त्याला सुरुवातीपासून 'अचूक' हेच विशेषण लावलेलं आहे.

म्हणजे मूळ गोष्टीत रूप बदलणं हे त्याचं कर्तृत्व म्हणून येतच नाही. त्याला सत्य माहीत आहे आणि ते सांगायचं नाही, म्हणून तो बदलतो. आपल्याकडचा बहुरूपी गावात कधी पोलीस होऊन येतो, कधी साधू, आणि शेवटी हसून हात पुढे करतो. त्याचं सोंग ओळखलं जाण्यासाठीच असतं. रामायणातला मारीच फसवण्यासाठी हरीण होतो. प्रोटिअस या दोघांपेक्षा वेगळा आहे. त्याला कोणाला रिझवायचं नाही, लुबाडायचंही नाही. त्याला फक्त प्रश्न टाळायचा आहे.

त्याचं नाव बहुधा 'प्रोटोस' म्हणजे 'पहिला' या ग्रीक शब्दावरून आलं. आपल्या 'प्रथम'चं या शब्दाशी दूरचं नातं आहे. 'प्रोटीन' हा शब्दही त्याच कुळातला. बर्झेलिअस या रसायनशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने तो 1838 मध्ये छापला, आणि त्याला अर्थ अभिप्रेत होता 'पहिल्या दर्जाचा'. समुद्रातल्या म्हाताऱ्याशी त्याचा संबंध तेवढाच.

पुढच्या ग्रीकांनी म्हाताऱ्याचंही रूप बदललं. इतिहासकार हेरोडोटस त्याला इजिप्तचा राजा करतो; त्याच्या मते जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं ती मेनेलाउसची बायको हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, या प्रोटिअसने तिला सांभाळून ठेवलं होतं. रोमन कवी व्हर्जिलने ख्रिस्तपूर्व 29च्या सुमारास पूर्ण केलेल्या शेतीवरच्या काव्यात तो पुन्हा देव आहे. तिथे ॲरिस्टिअस नावाच्या मधपाळाच्या सगळ्या मधमाश्या मेल्या आहेत आणि त्याला कारण हवं आहे. तोही प्रोटिअसला गुहेत गाठून बेड्या घालतो. आग, श्वापद, पाणी अशी रूपं होतात, आणि मग उत्तर येतं, तेही विचारणाऱ्याला नको असलेलं: तुझ्यापासून पळताना युरिडिसीला साप चावला, तुझ्यामुळे ती मेली, तिच्या नवऱ्याचा, ऑर्फिअसचा शाप तुला भोवतो आहे.

इंग्रजीत शब्द शिरला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि शिरला तो बदनाम होऊनच. शेक्सपिअरच्या सुरुवातीच्या एका सुखात्मिकेतला प्रोटिअस हा प्रेयसीला आणि मित्राला एकदम दगा देणारा तरुण आहे. 'सहावा हेन्री'च्या तिसऱ्या भागात पुढे राजा होणारा रिचर्ड फुशारकी मारतो की मी सरड्यालाही रंग शिकवीन, स्वार्थासाठी प्रोटिअसशी रूपबदलाची बरोबरी करीन. त्या काळी हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधी संशय येत असणार.

त्याच पिढीतल्या फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने मात्र गोष्टीचं मर्म उचललं. 1605 मध्ये त्याने लिहिलं की प्रोटिअसला करकचून धरल्याशिवाय तो रूपं दाखवत नसे. निसर्गाचंही तसंच आहे, मोकळा सोडला तर तो आपले प्रकार पुरते दाखवत नाही, प्रयोगात अडकवला की दाखवतो. यावरून इतिहासकारांनी बेकनला धारेवरही धरलं आहे, निसर्गाला छळायची ही भाषा आहे म्हणून. तो आक्षेप पूर्ण खोडून काढावा असं मला वाटत नाही. पण आयुष्यभर प्लेटांवर जिवाणू वाढवलेल्या मला बेकनच्या वाक्यात छळापेक्षा चिकाटी जास्त ऐकू येते.

निसर्गाच्या अभ्यासकांना तर या नावाने वेडच लावलं. न्यूरेम्बर्गच्या र्‍योझेल फॉन रोझेनहोफ या लघुचित्रकाराने 1755 मध्ये पाण्याच्या थेंबातला एक आकारहीन जीव काढून दाखवला आणि त्याला 'छोटा प्रोटिअस' म्हटलं. तो म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी काढलेला अमीबा. 'अमीबा' हा शब्दही ग्रीक 'बदल' वरूनच आलेला, त्यामुळे 'अमीबा प्रोटिअस' या नावात तोच अर्थ दोनदा आला आहे. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनिअसने दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपांना 'प्रोटिआ' म्हटलं, कारण त्यांच्यात विलक्षण विविधता होती.

आणि 1768 मध्ये लॉरेंटी या निसर्गअभ्यासकाने स्लोव्हेनियाच्या चुनखडी गुहांतल्या एका फिक्या, आंधळ्या, पाण्यातल्या उभयचराला 'प्रोटिअस अँग्विनस' हे नाव दिलं. हे नाव मला सर्वांत आवडतं, कारण हा प्राणी बदलतच नाही. बेडकाचं पिल्लू कल्ले टाकून जमिनीवर येतं. हा जन्मभर कल्ले ठेवून पिल्लासारखाच राहतो. तो शंभर वर्षं जगू शकतो असा अंदाज आहे. हर्झेगोव्हिनाच्या गुहांत खुणा करून पाहिलेल्या प्राण्यांपैकी एक तर 2,569 दिवस एकाच जागी सापडत राहिला. हे निरीक्षण 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. सात वर्षं! कोणीतरी पुन्हा पुन्हा त्या थंडगार काळोख्या पाण्यात उतरत राहिलं, म्हणून ते कळलं.

एका आजारालाही हे नाव आहे. हाडं, कातडी, चरबी शरीरात कुठेही आणि कितीही वाढत जाते; दोन रुग्ण एकसारखे दिसत नाहीत. हान्स-रुडोल्फ वीडेमान या जर्मन बालरोगतज्ज्ञाने 1983 मध्ये त्याला प्रोटिअस सिंड्रोम म्हटलं. लंडनमध्ये 'एलिफंट मॅन' म्हणून प्रदर्शनात दाखवला गेलेला जोसेफ मेरिक, जो 1890 मध्ये अवघ्या 27व्या वर्षी गेला, त्याला बहुतेक हाच आजार असावा असं 1986 मध्ये सुचवलं गेलं. 2011 मध्ये कारण सापडलं. गर्भाच्या एखाद्याच पेशीत एकेटी-1 या जनुकात एका अक्षराची चूक होते, आणि त्या पेशीची वंशावळ शरीरात जिथे जिथे पोचते तिथे तिथे वाढ बेलगाम होते. म्हणून प्रत्येक रुग्ण वेगळा. इतकी रूपं, आणि खाली एकच अक्षर. मेरिककडे पैसे देऊन बघायला येणारे पुष्कळ होते. त्याला शेवटी रुग्णालयात खोली मिळाली, भेटायला माणसं यायला लागली, एवढं सुख त्याला लाभलं याचा मला आधार वाटतो.

वैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांत 'प्रोटिअन मॅनिफेस्टेशन्स' हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. क्षय, उपदंश, ल्युपस, असे जे आजार दर वेळी दुसऱ्याच आजाराचा चेहरा घेऊन येतात त्यांच्यासाठी. मी तो शब्दप्रयोग कितीतरी वेळा वाचला होता. तो कळला माझ्या धाकट्या बहिणीच्या दुखण्यात.

आधी तिची बोटं सकाळी आखडायला लागली. आमवात असेल, म्हणाले; तेल झालं, काढे झाले, थोडं बरं वाटलं. पावसाळ्यात ताप यायला लागला, तेव्हा मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. मग केस मूठ-मूठ गळायला लागले, तोंडात फोड आले. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. वर्षभराने छातीत कळ आली, फुप्फुसाभोवती पाणी निघालं, आणि क्षयाची शंका आली. प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, कारण प्रत्येक वेळी दुखणारा अवयव वेगळा. यात कोणाचाच दोष नव्हता. ज्याच्यासमोर सिंह आला त्याने सिंहावर उपाय केला, ज्याच्यासमोर पाणी आलं त्याने पाणी काढलं. आणि मधले बरे महिने असायचे, तेव्हा आम्हीच म्हणायचो, गेलं बाई एकदाचं. ते महिने म्हणजे झाड होतं.

एका वयस्कर फिजिशियनांनी तिला तपासून झाल्यावर औषध लिहिलंच नाही. म्हणाले, "घरी जा, पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून आणा. मग बोलू." आम्ही दोघींनी जमिनीवर फायली पसरून ते केलं. पुढच्या खेपेला त्यांनी ते एकेक करून वाचले, आणि तिला विचारलं, "उन्हात जाऊन आल्यावर गालांना काय होतं?" ती म्हणाली, लाल होतात, पण ते तर लहानपणापासून... आणि थांबली. ते लहानपणापासून नव्हतं.

अँटी-न्यूक्लिअर अँटिबॉडीची तपासणी झाली, त्यापुढची डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीची झाली. ल्युपस निघाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, म्हणून तो कुठल्याही अवयवात उगवू शकतो. आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी 1982 मध्ये त्याच्यासाठी 11 निकष ठरवले होते. त्यातले 4 भरले की ल्युपस धरायचा. त्या नियमात पुढे लिहिलं होतं की ही 4 लक्षणं एकाच वेळी दिसायला हवीत असं नाही, मागेपुढे आलेली असली तरी चालतील. आता निकष बदलले आहेत, पण ते जुनं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सिंह, साप, पाणी आणि झाड या चार गोष्टी नाहीत, एकाच्याच चार खेपा आहेत, असं ते शांतपणे सांगतं.

'प्रोटिअन व्हा' म्हणणाऱ्यांवर माझा राग एवढ्यासाठीच आहे. बदलणं वाईट नाही. पोटासाठी, जगण्यासाठी माणसं बदलतात, बदलावंच लागतं. पण या शब्दाच्या पोटात दोन माणसं आहेत, आणि आपण एकालाच आठवणीत ठेवलं. रूपं घेणारा म्हातारा दिसतो. वाळूच्या खड्ड्यात वासात पडून राहिलेला आणि नंतर हात न सोडणारा दिसेनासा झाला. भाच्याला मी गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पण मेनेलाउसवरून विशेषणच नाही ना." खरंच नाही.

मेनेलाउसला मिळालेलं उत्तर सोपं नव्हतं. प्रोटिअस त्याला आधीच बजावतो, हे ऐकल्यावर तुझे डोळे कोरडे राहणार नाहीत. तरी तो विचारतो, आणि कळतं की त्याचा भाऊ ॲगमेम्नॉन सुखरूप घरी पोचला होता आणि पोचल्यावर मारला गेला. मेनेलाउस वाळूवर बसून रडतो, जगावंसं वाटत नाही म्हणतो. म्हातारा त्याला पुरेसं रडू देतो, मग म्हणतो, बस झालं, यातून काही साधणार नाही, आता घरी जायचं बघ. घरचा रस्ताही त्याने सांगितलेलाच असतो: आधी नाईलपर्यंत मागे जा, देवांचं राहिलेलं देणं दे, मग वारा मिळेल.

माझी बहीणही डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर रडली. मग आत जाऊन तिने विचारलं, पूर्ण बरं होतं का? ते म्हणाले, "नाही. पण आटोक्यात राहतं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवू." आता ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घेते, त्यासाठी डोळ्यांची ठरलेली तपासणी करते, लघवीतली प्रथिनं तपासायला नमुना माझ्याच जुन्या लॅबमध्ये देते, आणि कोल्हापूरच्या बाजारात भर दुपारी छत्री घेऊन हिंडते. शेजारणी विचारतात, पाऊस कुठे आहे? ती त्यांना आजाराचं नाव सांगते.